वंशसंहार, सहिष्णुता, आशा : मुलांना चित्र काढायला बसवण्याआधी काय द्यायचं?

रेषाळ

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. यंदा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं एक प्रदर्शन भरवायचं आहे आणि विषय ठरून आलाय : 'वंशसंहार, सहिष्णुता आणि आशा'. इतिहासाच्या सरांनी आधी होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) आणि रवांडा (१९९४ मध्ये झालेला तुत्सी लोकांचा संहार) यांवर काही तास घेतले, मग मुलं माझ्या वर्गात आली.

पहिल्या फेरीतच कागदांचा ढीग जमला. काटेरी तारेवर बसलेलं कबुतर. पृथ्वीच्या गोलाभोवती निरनिराळ्या रंगांचे हात. अर्धा कागद काळा, अर्धा पिवळा आणि मधोमध उगवलेलं रोपटं. काही मुलांनी कवट्या आणि रक्त अगदी मनापासून रंगवलंय. मुलं प्रामाणिक आहेत, मेहनतही घेतात, पण ही चित्रं कुठल्याही देशातल्या, कुठल्याही काळातल्या संहाराची असू शकतात. म्हणजे ती कुठल्याच संहाराची नाहीत.

एका मुलीनं मात्र फक्त एक रेडिओ काढला. साध्या पेन्सिलीनं. टेबलावर रेडिओ, भोवती घरातली चार माणसं, आणि त्यातल्या एकाची बोटं आवाजाच्या बटणावर. तो आवाज वाढवतोय. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सरांनी सांगितलं, रवांडात रेडिओवरून शेजाऱ्यांना झुरळं म्हणायचे. मग ऐकणारे लोक घरातच बसले असतील ना?"

तर माझे प्रश्न असे. बाकीच्या मुलांना या मुलीसारखं बघायला कसं शिकवायचं? शेवटची भिंत 'आशेची' असावी असा आग्रह आहे, ती आशा मुलांकडून मागून घ्यावी का? आणि काही पालक विचारतायत की या वयात हा विषय हवाच कशाला? तिन्हींवर मनमोकळं लिहा.

---

धूमकेतू

रेडिओचं चित्र दारातच लावा. वाचतोय.

---

सुमेध_वाचतो

या विषयावर बोलताना फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांचं नाव आधी घ्यायला हवं. जन्म १८९८, व्हिएन्ना. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना टेरेझीनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) गेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत पाठवलं. तिथे मुलांना शाळा शिकवायला बंदी होती, पण या बाई मुलांना चित्रकला शिकवत राहिल्या. कागद मिळेल तो : कचेरीतले छापील फॉर्म, त्यांच्या पाठकोऱ्या बाजू, वेष्टनाचे तुकडे. त्यातूनच कोलाज करायचे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं आणि तिथे मारलं. जाण्याआधी त्यांनी दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं ठेवली होती. ती वाचली. आज ती प्राग इथल्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत.

आता रेषाळताईंच्या प्रश्नाशी याचा संबंध. त्या बाईंनी मुलांना 'अत्याचारावर चित्र काढा' किंवा 'आशेवर चित्र काढा' असं काही सांगितलं नाही. ताल म्हणजे काय, रेषा कशी सरकते, समोरची वस्तू कशी पाहायची, जुन्या चित्रकारांची रचना कशी असते, हे शिकवलं. आणि प्रत्येक चित्रावर स्वतःचं नाव लिहायला लावलं. जिथे माणसाचा आकडा करून टाकत होते, तिथे नाव. त्यामुळेच आज त्यातल्या कितीतरी चित्रांखाली नेमकं कोणाचं, हे सांगता येतं.

---

भटकंती_वही

मी प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) ही चित्रं पाहिली आहेत. खाली भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं हातानं लिहिली आहेत, छतापर्यंत. वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं. मी भीषण काहीतरी दिसेल अशी मनाची तयारी करून जिना चढले होते. समोर होती घरं, कुरण, फुलपाखरं, जेवणाचं टेबल, झाडं. मध्येच एखाद्या चित्रात तीन मजली लाकडी बंक. त्या घरांच्या चित्रांनी मला जास्त हलवलं, कारण खाली नावं वाचून आले होते.

---

कुहू

सुमेध, माहिती छान, पण एक मूलभूत फरक नजरेआड होतोय. ती मुलं स्वतः त्या नरकात होती. घराचं चित्र काढणं हा त्यांच्यासाठी श्वास घेण्याचा मार्ग होता. ताईंच्या वर्गातली मुलं बाहेरून बघतायत. त्यांनी घर आणि फुलपाखरू काढलं तर ती नक्कल होईल. फुलपाखराचं तर आता चिन्हच होऊन बसलंय.

आणि टेरेझीनमध्येच दुसरा धडाही आहे. हेल्गा वाइसोवा ही बारा वर्षांची मुलगी तिथे गेली. सुरुवातीला तिनं बर्फाचा माणूस बनवणाऱ्या मुलांचं चित्र काढून चोरून वडिलांकडे, पुरुषांच्या बराकीत पाठवलं. वडिलांचा निरोप आला : जे दिसतं ते काढ. त्यानंतर तिनं रांगा, बंक, सामान वाहणारे लोक, असं सगळं काढलं. ती ऑशविट्झला जाण्याआधी तिच्या काकांनी ती चित्रं भिंतीत चिणून लपवली. ती स्वतः वाचली, पुढे चित्रकार झाली. वडील परतले नाहीत.

तिच्या वडिलांचं म्हणणं आजच्या मुलांना जास्त लागू पडतं. प्रश्न इतकाच की बाहेरच्या मुलांना 'दिसतं' काय?

---

चांदणवेल

पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलाच्या वर्गात एका शिक्षकांनी काही न सांगता प्रेतांच्या ढिगाऱ्याचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले. मुलगा कितीतरी रात्री दिवा चालू ठेवून झोपत होता. आणि त्याला त्या माणसांबद्दल काय कळलं? काहीच नाही. ती कोण होती, कुठे राहत होती, काय करत होती, कोणी सांगितलंच नाही. त्याच्या डोक्यात फक्त शरीरं राहिली.

मी विषयाच्या विरुद्ध नाही. पण 'मुलांना हादरवलं की ती संवेदनशील होतात' ही समजूत मला क्रूर वाटते.

---

अनघा_शिकवते

चांदणवेल, अगदी खरं. ज्यांनी आयुष्यभर हे शिकवलंय तेही हेच सांगतात. इस्रायलमधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाच्या शिक्षणपद्धतीत एक तत्त्व आहे : मुलांना विषयात सुरक्षित आत न्यायचं आणि सुरक्षित बाहेर आणायचं. कथा सुरू होते ती छळापासून नाही, आधीच्या आयुष्यापासून. शाळा, सण, भांडणं, खेळ. मग काय हिरावलं गेलं ते कळतं.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या शिक्षकांसाठीच्या सूचनाही जरूर वाचा. आकड्यांचं रूपांतर माणसांत करा, असं त्या सांगतात. मुलांना 'तुम्ही कैदी, तुम्ही पहारेकरी' असले प्रयोग करायला लावू नका, असं तर बजावून सांगतात. छावणीच्या प्रतिकृती बनवणं, वस्तू मोजून गोळा करणं, शब्दकोडी, या सगळ्यांविषयीही त्यांनी सावध केलंय. मुलं कापाकापी आणि चिकटवण्यात रमतात आणि विचार करायचं राहून जातं.

रेषाळताई, पुठ्ठ्याची छावणी बनवायची कल्पना कोणी मांडलीच तर तिथल्या तिथे थांबवा.

---

निरंजन७

वस्तू गोळा करण्याबद्दल माझा ठाम विरोध नोंदवतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या व्हिटवेल नावाच्या लहानशा गावातल्या मुलांनी १९९८ मध्ये पेपरक्लिप जमवायला सुरुवात केली. साठ लाख ज्यू मारले गेले म्हणजे किती, हे त्यांना कळेना, म्हणून. पेपरक्लिपच का, तर दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतल्या लोकांनी नाझींच्या निषेधार्थ ती कोटावर लावली होती. पत्रं लिहिली, जगभरातून क्लिपा येत गेल्या, तीन कोटींच्या वर. सोबत संहारातून बचावलेल्या लोकांची पत्रं आली, काही जण स्वतः येऊन मुलांशी बोलले. शेवटी जर्मनीतून एक जुना मालगाडीचा डबा आणून त्यात एक कोटी दहा लाख क्लिपा ठेवल्या. ९ नोव्हेंबर २००१ ला ते स्मारक खुलं झालं.

ज्या गावात ज्यू माणूस कोणी पाहिला नव्हता तिथल्या मुलांनी हे केलं. याला 'वस्तू मोजण्याचा खेळ' म्हणणं अन्याय आहे.

---

अनघा_शिकवते

निरंजन, त्या मुलांच्या कळकळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे. मुलांना बदललं ते पत्रांनी आणि समोर येऊन बसलेल्या माणसांनी. क्लिपा नसत्या आणि पत्रं असती तरी चाललं असतं. उलट झालं असतं तर?

---

निरंजन७

उलट झालं असतं तर काही उरलं नसतं, मान्य. पण क्लिपा नसत्या तर पत्रं आलीच नसती! हाताला काम लागतं तेव्हाच मूल विषयापाशी टिकतं. २०१३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर वंशसंहारातल्या बळींसाठी दहा लाख हाडं मांडली होती, माती-कागदाची, हातानं बनवलेली. त्यातली कितीतरी शाळकरी मुलांनी केली होती. मातीचं हाड वळताना मुलाच्या हाताला जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. यावर मी हटणार नाही.

---

धूमकेतू

दोघांचंही पटतंय. पण एक अट घालावी : जितकी हाडं वळाल तितका वेळ एका माणसाबद्दल वाचा.

---

शाईचा_डाग

मी व्यवसायानं चित्रकार आहे, मुलांच्या कार्यशाळा घेतो. कबुतर का येतं ते सांगतो. मुलाला आपण कल्पना देतो : शांतता, द्वेष, सहिष्णुता, आशा. कल्पनेला आकार नसतो, म्हणून मूल तयार चिन्ह उचलतं. कबुतर, गोल, हात, रोपटं. यात मुलाचा आळस नाही. त्याला पाहायलाच काही दिलेलं नाही.

त्या मुलीनं रेडिओ का काढला? कारण तिला एक गोष्ट मिळाली होती : आरटीएलएम या रेडिओ केंद्रावरून तुत्सी लोकांना झुरळं म्हटलं जायचं. ठोस, डोळ्यांसमोर उभं राहणारं. रेडिओ कोणीतरी लावला असणार, कोणाचं तरी बोट बटणावर असणार. हे ती स्वतः पोचली. चित्र तिथेच तयार झालं, पेन्सिल नंतर लागली.

म्हणून ताई, पुढच्या तासाला शब्द देऊ नका, वस्तू द्या. काही सुचवतो.

रवांडातलं ओळखपत्र. बेल्जियन राजवटीत १९३०च्या दशकात त्यावर हुतू, तुत्सी की त्वा, असा समाजगटाचा रकाना आला आणि १९९४ मध्ये नाक्यावर तोच रकाना वाचून माणसं मारली गेली. तुओल स्लेंगचा वर्ग. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमधला ख्मेर रूज राजवटीचा हा तुरुंग आधी शाळा होती, वर्गखोल्यांत विटांच्या कोठड्या बांधल्या. तुमच्या मुलांना वर्ग म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांना फळा कुठे, खिडकी कुठे हे कळतं. तिसरी वस्तू, जर्मनीतल्या फुटपाथवरचा, नाझींच्या बळींच्या घरासमोर बसवलेला दहा सेंटीमीटरचा पितळी पत्र्याचा दगडी चौकोन, 'इथे राहत होते' असं लिहिलेला. गुंटर डेम्निग यांनी बसवायला सुरुवात केलेल्या या दगडांची संख्या २०२३ मध्ये एक लाखावर गेली. कित्येक दगडांमागचं संशोधन शाळकरी मुलांनी केलंय.

एका मुलानं एकच वस्तू घ्यावी, तिच्याबद्दल नीट वाचावं, मग ती काढावी. हुबेहूब काढली तरी चालेल. निरीक्षण करून काढलेलं ओळखपत्र शंभर कबुतरांपेक्षा जास्त बोलतं.

---

कुहू

शाईचा_डाग, मी विचारलेल्या 'दिसतं काय' या प्रश्नाचं हे उत्तर आहे. आभार.

---

मावळती

तुओल स्लेंगवरून वान नाथ आठवले. चित्रकार होते. १९७८ मध्ये त्यांना तिथे आणलं. ख्मेर रूजचा हुकूमशहा पोल पॉट याची चित्रं काढून घ्यायची होती म्हणून जिवंत ठेवलं. हजारो कैदी गेले, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच वाचले, त्यातले हे एक. नंतर त्यांनी तिथे जे पाहिलं-ऐकलं ते रंगवलं आणि ती चित्रं त्याच इमारतीत लावली आहेत. २०११ मध्ये गेले.

ज्या कुंचल्यानं हुकूमशहाचा चेहरा रंगवायला लावला, त्याच कुंचल्यानं साक्ष दिली. मुलांना हे जरूर सांगा. कला आपोआप चांगल्याच्या बाजूची नसते, तिला तिथे न्यावं लागतं.

---

न्यायदंड

एक सूचना, कंटाळवाणी वाटली तरी महत्त्वाची. चित्रांखालच्या माहितीत 'वंशसंहार' हे पद जपून वापरा. ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची व्याख्या आहे : राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा पूर्ण किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू. हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि राजकीय गट त्यात येत नाहीत. म्हणून कंबोडियाच्या बाबतीत २०१८ मध्ये न्यायाधिकरणानं वंशसंहाराचा दोष ठरवला तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लिमांच्या संदर्भात. ख्मेर, म्हणजे तिथल्या बहुसंख्य लोकांची जी प्रचंड हत्या झाली ती मानवतेविरुद्धचे गुन्हे या सदरात मोडते.

याचा अर्थ ती हत्या कमी भीषण, असा मुळीच नाही. पण मुलं सगळ्या वाईट गोष्टींना एकच पद लावायला लागली तर ते पद बोथट होतं.

---

चांदणवेल

न्यायदंड, तेरा वर्षांच्या मुलाला हेतू आणि गट यांचा फरक कितपत झेपेल?

---

न्यायदंड

झेपतो. 'तू काय केलंस म्हणून' आणि 'तू कोण आहेस म्हणून' हा फरक मुलांना अगदी लहानपणापासून कळतो. शाळेत कोणी त्यांना नावावरून किंवा दिसण्यावरून बाजूला बसवलं असेल तर फारच चांगला कळतो.

---

रानजाई

सहिष्णुतेवर कोणीच बोललं नाही. रंगीत हातांच्या चित्रांवर माझा राग आहे. त्या चित्रात सगळे आधीच एकमेकांचे मित्र असतात. कोणाचं काही पणाला लागलेलं नसतं. तिथे सहिष्णुतेची गरजच काय?

मुलांना झुरा कारुहिम्बींची गोष्ट सांगा. रवांडातली म्हातारी बाई, गावात चेटकीण म्हणून ओळख. १९९४ मध्ये तिनं आपल्या छोट्याशा घरात शंभराहून जास्त लोक लपवले. मारेकरी आले की ती अंगाची आग होईल अशा वनस्पतींचा रस हातांना चोळून त्यांना स्पर्श करायची, आत शिराल तर भुतं कोपतील अशी भीती घालायची. मारेकरी घाबरून परत जायचे. शस्त्र नाही, पैसा नाही, सत्ता नाही. लोकांनी दिलेली बदनामीच तिनं ढाल केली. २०१८ मध्ये ती वारली.

किंवा १९४३ चा डेन्मार्क. सात हजारांहून जास्त ज्यूंना लोकांनी मच्छीमार होड्यांतून रातोरात स्वीडनला पोचवलं. त्यात कोळी होते, डॉक्टर होते. पकडले गेलो तर काय होईल ते त्यांना माहीत होतं.

मुलाला झुराच्या दाराचं चित्र काढू द्या. आतून आणि बाहेरून. बघा काय येतं.

---

सुमेध_वाचतो

रानजाई, +१. फक्त एक पुरवणी : वाचवणारे थोडे होते. प्रदर्शनात चाळीस चित्रं वाचवणाऱ्यांची आणि दोन बाकीच्यांची असं झालं तर मुलांना वाटेल की बहुतेक लोक धावून आले. तसं झालं नाही. बहुतेक लोक रेडिओपाशी बसले होते.

---

अवांतर_आजोबा

थोडं विषयांतर करतो. प्रदर्शनात बक्षिसं आहेत का? माझ्या नातीच्या शाळेत अशाच विषयावर स्पर्धा झाली आणि पहिल्या क्रमांकाच्या चित्राला लाल फीत लावली. नातीनं घरी येऊन विचारलं, "आजोबा, माझ्या चित्रातल्या माणसांना दुसरा क्रमांक मिळाला, असं का?" तिला काय सांगावं ते मला सुचेना. कृपा करून क्रमांक काढू नका. गुणही देऊ नका.

---

अनघा_शिकवते

आजोबा, या धाग्यातला हा सर्वांत कामाचा सल्ला आहे.

---

निरंजन७

+१. इथे अनघाताईंशी एकमत.

---

शाईचा_डाग

क्रमांक नकोतच. पण चित्रकलेबद्दल बोलणं सोडू नका. विषय गंभीर आहे म्हणून मुलाच्या चित्राला कोणी काही बोलत नाही, सगळे 'खूप हृदयस्पर्शी' म्हणून पुढे जातात. 'हा हात घट्ट धरलेला वाटत नाही, पुन्हा बघ' असं सांगणं हा त्या मुलाचा आणि त्या विषयाचा आदरच आहे. फ्रीडलबाई त्या गेट्टोतही रचना आणि ताल शिकवत होत्या, हे सुमेधनं लिहिलंच आहे.

---

कुहू

आता आशेच्या भिंतीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : आशा सक्तीची करू नका. मुलाला रवांडाबद्दल सांगायचं, शंभर दिवसांत आठ लाखांहून जास्त माणसं मेली हे ऐकवायचं आणि लगेच म्हणायचं, आता सूर्योदय काढ. हे मुलाला खोटं बोलायला शिकवणं आहे. किगालीच्या स्मारकात मुलांसाठी एक दालन आहे. मोठे फोटो, खाली नाव, वय, आवडता खेळ, आवडतं खाणं, शेवटचे शब्द, आणि कसं मारलं ते. तिथे सूर्योदय नाही.

---

चांदणवेल

कुहू, तुमचा मुद्दा समजतो, तरी आई म्हणून मी असहमत. मोठ्या माणसाला अंधारात थांबता येतं. मुलाला तिथेच सोडून घरी पाठवायचं? अनघाताईंनी लिहिलं ना, सुरक्षित बाहेर आणायचं. ती वाट आशेशिवाय कशी सापडेल?

---

मावळती

बाहेर येण्याची वाट म्हणजे सूर्योदयच असं नाही. पुढे माणसांनी काय केलं, ते दाखवता येतं. आयदा शेहोविच या बोस्नियन कलाकारानं २००६ पासून दर ११ जुलैला वेगवेगळ्या शहरांत चौकात बसून स्रेब्रेनित्साच्या (बोस्नियातलं गाव, जिथे जुलै १९९५ मध्ये मुस्लिम पुरुष आणि मुलांची कत्तल झाली) मृतांसाठी कॉफीचे पेले भरले. कॉफी ओतायची, प्यायची नाही. येणारे-जाणारे, विद्यार्थी, कोणीही पेला भरायचं. पेले बोस्नियातल्या कुटुंबांनी दिलेले. २०२० मध्ये स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी इथल्या स्मारकात शेवटची मांडणी झाली, आठ हजारांहून जास्त पेल्यांची. यात आशा आहे की शोक? मला दोन्ही दिसतात, पण तिथे कोणी कोणाला हसायला सांगितलं नाही.

---

भटकंती_वही

चांदणवेल, सुदानमधल्या दारफूरचं उदाहरण तुम्हाला कदाचित पटेल. २००५ मध्ये चाडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांत ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेचे लोक मोठ्यांच्या मुलाखती घेत होते. तेवढा वेळ मुलं रमावीत म्हणून त्यांना वह्या आणि खडू दिले. काय काढायचं ते सांगितलं नव्हतं. मुलांनी जळती घरं, विमानातून पडणारे बॉम्ब, घोड्या-उंटांवरचे बंदूकधारी काढले. पुढे २००७ मध्ये दुसऱ्या एका संस्थेनं अशी सुमारे पाचशे चित्रं जमवली आणि ती आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून स्वीकारली.

एका मुलाचं खडूचं चित्र न्यायालयापर्यंत पोचतं, ही मला आशा वाटते. आणि ती खरी घडलेली आहे.

---

चांदणवेल

हे माहीत नव्हतं. हो, हे मी माझ्या मुलाला सांगू शकेन. पण तरीही, एखाद्या मुलाला मनापासून सूर्य काढावासा वाटला तर त्याला अडवू नका, एवढंच.

---

कुहू

अडवायचं नाहीच. सक्ती नको, तशी बंदीही नको. पेत्र गिन्झचं उदाहरण माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जातं, तरी देते. टेरेझीनमधला मुलगा, तिथे हस्तलिखित साप्ताहिक चालवायचा. त्यानं चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं चित्र काढलं. सोळाव्या वर्षी ऑशविट्झमध्ये मारला गेला. त्या चित्राची प्रत २००३ मध्ये इलान रामोन हे इस्रायली अंतराळवीर कोलंबिया यानातून सोबत घेऊन गेले होते. १ फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं, आणि तो पेत्रचा जन्मदिवस होता. गेट्टोत बसून चंद्रावर जाणाऱ्या मुलाला कोणी 'आशा काढ' असं सांगितलं नव्हतं.

---

रेषाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहीत होतात तोवर इकडे काही हालचाल झाली, ती सांगते.

बक्षिसं रद्द करून घेतली. अवांतर_आजोबांचा प्रतिसाद छापून दाखवला, कोणी वाद घातला नाही. पुठ्ठ्याच्या छावणीची कल्पना खरंच आली होती, तीही थांबवली.

इतिहासाच्या सरांनी आणि मी मिळून वस्तूंची यादी केली : ओळखपत्र, रेडिओ, पितळी चौकोन, मच्छीमार होडी, झुराचं दार, कॉफीचे पेले, तुओल स्लेंगची वर्गखोली, टेरेझीनची सुटकेस. मुलांनी एकेक निवडली. आधी वाचन, मग टिपण, मग चित्र. रक्त आणि कवट्या काढणाऱ्या मुलानं वर्गखोली घेतली. त्याचं आताचं चित्र म्हणजे फक्त फरशी. पांढऱ्या-पिवळसर चौकोनी फरश्या, आणि त्यांच्यावर मध्येच उभी राहिलेली विटांची ओबडधोबड भिंत. भिंत खिडकीच्या अर्ध्यावर आली आहे, त्यामुळे उजेड एकाच बाजूला पडतो. ती सावली जमेना म्हणून त्यानं तीन तास घालवले आणि रक्ताचा विषयही काढला नाही.

पालकांची एक बैठक घेतली. कोणते फोटो दाखवणार नाही ते आधी सांगितलं, चित्रं काढताना मूल गप्प झालं तर काय करणार ते सांगितलं. ज्यांना नको त्यांच्या मुलांना दुसरा विषय मिळेल. एकाच पालकांनी तो घेतला.

आशेच्या भिंतीवर अजून ओढाताण चालू आहे. मी सुचवलं की भिंत ठेवू, पण तिच्यावर घडलेल्या गोष्टीच लावू : डेन्मार्कच्या होड्या, दारफूरची चित्रं, झुरा. ज्या मुलांना स्वतःचं काही काढायचं आहे त्यांच्यासाठी बाजूला जागा. वरून होकार यायचाय. मुलांनाच विचारलं तेव्हा रेडिओवाली म्हणाली, "मी माझ्या चित्रात अजून एक माणूस काढू का? बटण बंद करणारा?" मी म्हटलं, विचार कर. ती दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, "नको. तसा कोणी होता का ते मला माहीत नाही."

---

रानजाई

ताई, या मुलीचं चित्र दारात नको, मधोमध लावा.

---

न्यायदंड

आणि तिचं उत्तर लक्षात ठेवून मथळे लिहा. माहीत आहे तेवढंच. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, वर्ष, कोणावर अन्याय झाला, कोणी केला. शेवटचं वगळू नका, प्रदर्शनांत करणाऱ्यांची नावं हमखास गळतात आणि सगळं आपोआप घडल्यासारखं दिसतं.

---

रेषाळ

मथळे मुलंच लिहितायत, साठ शब्दांत. कोणी तपासून देईल का? कंबोडियाच्या मजकुराबद्दल विशेष धास्ती आहे.

---

न्यायदंड

मला पाठवा. कंबोडिया आणि बोस्निया मी बघतो.

---

सुमेध_वाचतो

टेरेझीन, डेन्मार्क आणि पितळी चौकोन माझ्याकडे द्या. रवांडाची स्थळनावं आणि माणसांची नावं दोघं मिळून तपासू. आणि मथळ्याखाली चित्र काढणाऱ्या मुलाचं नाव, त्याच्याच अक्षरात.